सत्ताविसावं ताट

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार
अंबरनाथ पश्चिम

खोली मिळाली. स्टेशनपासून सात मिनिटं, पहिला मजला. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात, दुसरं काही नाही, मला चालेल. घरमालकीण कौसाबाई, राजापूरकडच्या, साठीच्या, एकट्याच राहतात. त्यांनी आडनाव विचारलं. मी निकाळजे म्हणून सांगितलं आणि थांबले. त्याही जरा थांबल्या. मग म्हणाल्या, पाणी सकाळी सहा ते सात, तुला उशीर झाला तर मी दोन बादल्या भरून ठेवीन. त्यावर पुढं काही बोलणं झालं नाही. मला ही बाई आवडली.

परीक्षा पास होऊन दीड वर्ष झालं, तेव्हा कुठे नेमणुकीचं पत्र आलं. पद निरीक्षकाचं. काम प्रौढ मतिमंदांच्या निवासगृहांची तपासणी. माझ्या वाट्याला तीन आली: एक उल्हासनगर कॅम्प पाचमधलं, एक बदलापूरचं, आणि तिसरं मोरिवलीच्या टोकाला, ‘वत्सलछाया’. साहेबांनी पहिल्याच दिवशी समजावलं की ही कामं सोपी असतात. आधी फोन करायचा, चहा घ्यायचा, फॉर्म भरायचा. मी विचारलं, फोन न करता गेलं तर. साहेब हसले आणि म्हणाले, नवीन आहात.

फॉर्म चार पानी आहे. खाटा किती, संडास किती, चादरी कधी बदलता. तिथं राहणाऱ्या माणसांना काय वाटतं, असा रकाना त्यात नाही. मी मार्जिनमध्ये पेन्सिलीनं एक आखून घेतला.

बाबा विठ्ठलवाडीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. निघताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. मस्टर कुणीही भरतं, तू डोकी स्वतः मोज. मोजीन.

आज फार खुशीत आहे. कौसाबाईंनी मुगाची खिचडी दिली. उद्या स्टोव्ह आणायचा.

१६ नोव्हेंबर, बुधवार

कॅम्प पाच. फोन न करता गेले. खाली पापडांचा कारखाना, वर दोन खोल्या, त्यात बारा माणसं. चालवणाऱ्या देवीबाई सिंधी, आवाज खणखणीत. एका तिशीतल्या माणसाचा घोटा ओढणीनं खाटेला बांधलेला होता. त्याचं नाव हिरो. मी ओढणी सोडायला सांगितली तशा देवीबाई भडकल्या. म्हणाल्या, मॅडम, ये रोड पे भागता है, नीचे टेम्पो चलता है, आप आओगे क्या पकडने? बाईंचं खोटं नव्हतं. पण माझंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, कडी माणसाला लावायची नाही, जिन्याच्या दाराला लावायची. खाली जाऊन कारखान्यातल्या सुताराला बोलावून आणलं आणि कडी बसेपर्यंत तिथून हलले नाही. तोवर हिरो माझी पर्स मांडीवर घेऊन बसला होता. एकेक वस्तू काढायचा, बघायचा, जशीच्या तशी परत ठेवायचा.

मग देवीबाईंनी कोकी, म्हणजे जाड सिंधी पोळी, आणि दही समोर ठेवलं. खाताना सांगू लागल्या की त्यांची धाकटी बहीण अशीच होती, कॅम्पातच गेली. फॉर्मवर मी खरं ते लिहिलं: संडास दोनच, एकाला दार नाही, जागा अपुरी. मार्जिनमध्ये लिहिलं: इथं माणसं मोठ्यानं हसतात.

डोकी मोजली. बारा. मस्टरवरही बारा.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

‘वत्सलछाया’. पूर्वी इथं उकड्या तांदळाची गिरणी होती. भिंती जाड, छप्पर उंच. आत शिरल्यावर कारखान्यांचा भोंगासुद्धा लांबून आल्यासारखा वाटतो. अधीक्षक महिपती कर्णिक, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पांढरा झब्बा, बोलणं मऊ. फाटकावरच म्हणाले, या, माझ्या लेकरांना भेटा. लेकरांमधला धोंडिबा त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा असावा.

जागा आरशासारखी स्वच्छ. खाटांच्या रांगा सरळ. फिनेलचा वास. कागद चोख. सव्वीस माणसं, सव्वीस खाटा. कुणी ओरडत नाही, कुणी पळत नाही. अण्णा बोलायला लागले की सगळे हातातलं थांबवतात. मला शाळेतली तपासणी आठवली, तेव्हा आम्हीही असेच बसायचो. मग वाटलं की तपासणी करणारी मी आहे, पण हे माझ्याकडे बघतच नाहीत. हे अण्णांच्या हाताकडे बघत आहेत.

जेवणाच्या वेळी ओळीनं पाट मांडले. ताटं मांडायचं काम सदूचं. चाळिशीचा, ठेंगणा, जीभ जरा बाहेर. प्रत्येक ताट ठेवताना त्या माणसाचं नाव पुटपुटतो. मी दारात उभी राहून डोकी मोजली. सत्तावीस. वाटलं, मदतनीस रखमाबाई मोजल्या गेल्या असतील. पण रखमाबाई वाढत होत्या. पुन्हा मोजलं. सत्तावीस. मग यादी हातात घेऊन एकेक नाव पुकारलं. सव्वीस. ताटं मोजली, सत्तावीस. शेवटचं ताट भिंतीकडेला होतं, त्याच्यामागच्या पाटावर कुणी नाही. रखमाबाईंनी त्यातही भात-आमटी वाढली.

अण्णा हसून म्हणाले, सदूला मोजता येत नाही हो. पण मी मघाशी पाहिलं होतं. चमचे वाटताना त्याला एकही कमी पडला नाही, एकही उरला नाही.

शेवटच्या ताटातला भात जसाच्या तसा होता. ताट मात्र ओलं होतं. ताटाखालची फरशीही ओली. रखमाबाईंनी ते ताट दोन्ही हातांनी उचललं आणि कुणाकडेही न बघता मोरीकडे नेलं.

शेरा लिहायचा राहिला. अण्णांना म्हटलं, पुन्हा येईन.

२१ नोव्हेंबर, सोमवार

न कळवता गेले. अण्णा कल्याणला गेलेले. मला तेच हवं होतं.

सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं की आपण एक खेळ खेळू. एकेकानं दारातून आत जायचं, मी खांद्याला हात लावणार, नाव सांगायचं. बोलता येत नाही त्याचं नाव सदू सांगेल. सगळ्यांना मजा वाटली. गंगू म्हणून एक पन्नाशीची बाई आहे, सतत सुतळीची वेणी घालत असते, ती तीनदा रांगेत शिरली आणि तीनदा हसत बाहेर आली. मी खांद्याला हात लावायचा, नाव ऐकायचं आणि खूण करायची. खाली मान घालून करत होते. सव्वीस झाले. सत्ताविसाव्या खांद्यालाही हात लावला.

खांदा ओला होता. लुगड्याचा काठ हाताला लागला, त्याखाली हाड. अंग बर्फासारखं गार. सदू माझ्याशेजारी उभा राहून म्हणाला, भागी. मी खूण केली. मग वर पाहिलं.

दारात कुणी नव्हतं. अंगण रिकामं, ऊन कडक.

माझा तळवा ओला होता. साबणाचा वास येत होता, कपड्यांच्या पिवळ्या साबणाचा. यादीवर सत्तावीस खुणा आहेत, माझ्याच हातच्या. शेवटची खूण ज्या ओळीवर आहे, तिथं नाव नाही.

मी घाबरले. इथं लिहून ठेवते, कारण कचेरीच्या कागदावर हे लिहिता येणार नाही. घाबरले, पण हात खोटं बोलत नव्हता.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

कचेरीतली जुनी रजिस्टरं काढली. धूळ नाकातोंडात गेली. ‘वत्सलछाया’, दाखल १९८१: भागीरथी, वय २४, बदलापूर, कुळगावजवळची वाडी. पुढं जून १९८६: ‘नातेवाईक घरी घेऊन गेले.’ नातेवाइकाची सही नाही. अंगठा आहे. कुणाचा, ते लिहिलेलं नाही.

तिच्यानंतर त्या जागेवर कुणी दाखल झालेलं नाही.

२३ नोव्हेंबर, बुधवार

गुरुनानक जयंतीची सुट्टी. बदलापूरला गेले.

वाडी शोधायला दोन तास लागले. भागीरथीचा भाऊ सुदाम एका केमिकल कारखान्यात हेल्पर आहे, सकाळी घरची वांगी-मिरच्या बाजारात पोचवतो आणि मग ड्यूटीला जातो. मी कुठून आले ते सांगितल्यावर त्यानं अंगणातली खाट पुसून दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला. कशी आहे माझी बहीण?

मी विचारलं, तुम्ही तिला शेवटचं कधी भेटलात?

तो सांगू लागला. घरी नेलं वगैरे काही नाही. शहाऐंशीच्या पावसाळ्यात तो भेटायला गेला, तर अण्णांनी सांगितलं की तिला लांबच्या मोठ्या संस्थेत हलवलं आहे, तिथं नातेवाइकांना सोडत नाहीत, माणूस बिथरतं. एक कागद पुढं केला. सुदामला वाचता येत नाही, त्यानं अंगठा दिला. त्यानंतर दर दिवाळीला तो मोरिवलीच्या फाटकापर्यंत एक पातळ नेऊन देतो. अण्णा म्हणतात, पोचवतो.

मी रजिस्टरात काय लिहिलंय ते त्याला सांगितलं. सगळं सांगितलं नाही. खांद्याचं सांगितलं नाही. तो बराच वेळ पायानं जमीन उकरत बसला. निघताना मागं आला आणि म्हणाला, “ताई, जिथं कुठं असेल तिथं सांगा. तिच्या डोक्यावरनं पाणी ओतू नका म्हणावं. ती गुदमरते. लहानपणापासनं.”

गाडीत बसल्यावर मला रडू आलं. मग राग आला. रागानं बरं वाटलं.

२६ नोव्हेंबर, शनिवार

आज जबाब घेतले.

अण्णा समोर खुर्ची टाकून बसले. मी सांगितलं की आपण बाहेर जा. ते म्हणाले, बाई, ही मतिमंद लेकरं आहेत, यांच्या बोलण्याला कोर्टात दोन पैशाची किंमत नाही, तुम्ही स्वतःचं हसं करून घ्याल. मी म्हटलं, करून घेईन. ते उठले नाहीत, म्हणून मी टेबल उचलून बाहेर, फाटकाजवळ नेलं. एका टोकाला रखमाबाईंनी हात लावला.

एकेकाला वेगळं बोलावलं. भागीचं नाव मी घेतलं नाही. एवढंच विचारलं की शेवटच्या ताटावर कोण जेवतं.

सदू म्हणाला, “भागी. भागी हौदात. अण्णानं झाकण लावलं.” हे त्यानं कुजबुजून सांगितलं नाही. पोस्टमन नाव वाचतो तसं सांगितलं. दोन वर्षं कुणी विचारायची वाट बघत असल्यासारखं.

गंगूला वाक्य जुळवता येत नाही. ती सुतळी खाली ठेवून उकिडवी बसली, दोन्ही हात डोक्यावर धरले, वर ढकलू लागली आणि तोंडानं माशासारखा श्वास घेऊ लागली. मी तिला थांबवू पाहिलं, तरी बराच वेळ थांबेना. धोंडिबा अजिबात बोलत नाही. त्यानं माझं मनगट पकडलं आणि गिरणीमागं नेलं. तिथं सिमेंटचा चौकोनी ओटा आहे, कपडे धुवायला बांधल्यासारखा, पण त्यावर कुणी कपडे धूत नाही. धोंडिबानं ओट्याला कान लावला. मलाही लाव म्हणून खुणावलं.

मी लावला. आत पाणी हलत होतं.

सव्वीसपैकी अकरा जणांनी, जमेल तसं, एकच गोष्ट सांगितली. अकराही जबाब फॉर्मवर लिहिले. जिथं शब्द नव्हते तिथं काय करून दाखवलं ते लिहिलं. अकरा अंगठे घेतले.

निघताना अण्णांना विचारलं की ओट्याखाली काय आहे. म्हणाले, जुना हौद, गिरणीच्या वेळचा, भात भिजवायचा. केव्हाच बुजवलाय.

२८ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांनी जबाब वाचले. वाचले म्हणजे पानं उलटली. विचारलं की यातला एक तरी साक्षीदार शहाणा आहे का. मी म्हटलं, मला अकराही शहाणे वाटले. साहेब चिडले. ‘वत्सलछाया’ला दरवर्षी ‘उत्कृष्ट’ शेरा आहे, तुमच्याही सहीनं तोच जाईल. तयार फॉर्म पुढं सरकवला. मी सही केली नाही. ते म्हणाले, मग बदली. मी म्हटलं, बदलीचा आदेश येईपर्यंत मीच निरीक्षक आहे.

पोलीस चौकीत फौजदारांनी ऐकून तरी घेतलं. वयस्कर माणूस आहे. म्हणाले, हरवल्याची तक्रार नातेवाइकानं द्यावी लागेल, नुसत्या तुमच्या सांगण्यावर मला ओटा फोडता येणार नाही. नातेवाईक आणा.

आणते.

३० नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी साडेपाचला घरी आले. कौसाबाईंनी जिन्यात विचारलं की बरोबर कोण आहे. मी म्हटलं, कुणी नाही. त्या माझ्या मागं बघत राहिल्या. थोड्या वेळानं चहा घेऊन आल्या, तर ट्रेमध्ये दोन कप. मी एकटीच आहे म्हटल्यावर त्यांनी एक कप ठेवला आणि दुसरा परत नेला.

खोलीत फरशीवर पावलं उमटली आहेत. ओली. दारापासून टेबलापर्यंत. टेबलाजवळ थांबलेली. परत जाणारी नाहीत.

पुसली. पुन्हा उमटली.

साबणाचा वास. खुर्चीची पाठ ओली. कागदांवर पाणी ठिबकत होतं — जबाबांवर — मी धावत जाऊन उचलले. अकरापैकी एकही भिजला नव्हता. फक्त साहेबांनी दिलेला बिनसहीचा ‘उत्कृष्ट’ फॉर्म लगदा झाला होता.

मग मी मोठ्यानं बोलले. कुणी ऐकलं असतं तर वेडी म्हणालं असतं. मी म्हटलं, भागीरथी, मला तुझी भीती वाटते, पण ये, बस. मी हे सोडणार नाही. मला घाबरवायची गरज नाही.

कौसाबाई दारात उभ्या होत्या. दुसरा कप त्यांनी टेबलावर ठेवला.

२ डिसेंबर, शुक्रवार

मोरिवली. फाटकाला कुलूप. खिडकीतून दिसलं — भर दुपारी सगळे खाटांवर पडलेले, तोंडं उघडी. गोळ्या दिल्या आहेत. मी फाटक वाजवलं. अण्णा आतून म्हणाले, साथ आलीय, तपासणी बंद.

रखमाबाई रस्त्यावर माझी वाट बघत होत्या. पाण्याच्या टाकीमागं नेलं. हात पदरात गुंडाळून, माझ्याकडे न बघता त्यांनी सगळं सांगितलं.

जूनमधला दिवस. भागी आंघोळीला ओरडायची, रोजच. त्या दिवशी कुणी मोठे पाहुणे यायचे होते. अण्णांनी तिला हौदात उभं केलं — पाणी कमरेएवढं — आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वरून लोखंडी झाकण लावलं. पाचच मिनिटं, म्हणाले. नळ चालू राहिला. पाहुणे आले. चहा झाला. बोलणं लांबलं. झाकण वाजत होतं.

“मला सांगितलं व्हतं, हात लावू नको. म्या नाय लावला. झाकण वाजायचं थांबलं तवा म्या ताटं घासत व्हती.”

एवढं बोलून त्या रस्त्यातच खाली बसल्या. मी त्यांना उठवलं नाही. नंतर म्हणाल्या, त्या दिवसापासून सदू एक ताट जास्त मांडतो. अण्णांनी त्याला मारलं, तरी मांडतो. आणि ते ताट रोज, त्यांनी घासायच्या आधीच, ओलं असतं.

आणखी एक. अण्णांनी मंगळवारी लॉरी बोलावली आहे. ओटा फोडून सगळा राडारोडा खाडीत नेऊन टाकणार. मंगळवारी कचेऱ्यांत माणसं कमी असतील, सगळे दादरला गेलेले असतील, असं त्यांनी फोनवर म्हटलं.

म्हणजे सहा तारीख.

४ डिसेंबर, रविवार

बदलापूर. सुदामला सगळं सांगितलं. या वेळी सगळंच. खांद्याचंही.

तो रडला नाही. आत गेला. दर दिवाळीला नेतो त्यातलं एक पातळ बायकोनं घडी घालून ठेवलं होतं, या वर्षीचं, द्यायचं राहिलेलं. ते पिशवीत घातलं. म्हणाला, सकाळी पहिल्यांदा चौकीत जातो.

परत आले तर बदलीचा आदेश दाराखाली. गडचिरोली. सात तारखेपासून लागू.

सात. सहा नव्हे.

५ डिसेंबर

झोप नाही. पावलं आहेत. आता मी पुसत नाही —

कौसाबाई म्हणाल्या, जाऊ नकोस पोरी. मग स्वतःच डबा भरून दिला. दोघींना पुरेल एवढा.

६ डिसेंबर, मंगळवार
मोरिवली

आईला कळवलं, यंदा चैत्यभूमीला येत नाही. का ते सांगितलं. ती म्हणाली, मग तिथंच बस.

साडेआठ. रखमाबाईंनी मागचं दार उघडं ठेवलं होतं. ओट्यावर बसून लिहिते आहे. सुदाम चौकीत गेला आहे.

पावणेनऊ. लॉरी आली. दोन मजूर, पहारी. अण्णा मऊ आवाजात म्हणाले, उठा बाई. मी म्हटलं, नाही. तुमची नोकरी गेली, म्हणाले. मी म्हटलं, उद्या जाईल. मजुरांपैकी एक इथलाच, मोरिवलीचा. रखमाबाईंनी त्याच्या कानात काही सांगितलं. त्यानं पहार खाली ठेवली आणि दोन पावलं मागं सरकला.

नऊ वाजून दहा. सदू आला. गोळीनं झोकांड्या जात आहेत. माझ्याजवळ बसला. मग गंगू. मग धोंडिबा. एकमेकांना धरून सगळे येत आहेत. ओटा भरला, तर कडेनं मातीत बसले. अण्णा आत जा म्हणाले. हात वर केला — तोच हात. सगळ्यांनी हाताकडे पाहिलं. कुणी उठलं नाही.

अण्णा ओरडले. पहिल्यांदाच ऐकते आहे त्यांचा खरा आवाज.

साडेनऊ. ओटा ओला होतो आहे. कोरडं ऊन, पाऊस नाही, नळ नाही. फटींतून पाणी. माझं पातळ भिजलं. खालून —

ठोकल्याचा आवाज. लोखंडावर. मजुरांनी ऐकला. एक पळाला. अण्णांनीही ऐकला, चेहरा राखेसारखा —

पहार उचलली त्यांनी. माझ्याकडे येत आहेत. लिहिते आहे. उठणार नाही. उठणार —

रखमाबाई मध्ये उभ्या राहिल्या. हात पसरून. म्हणाल्या, तवा नाय लावला हात. आज लावते. पहारीचं दुसरं टोक धरलं त्यांनी. सोडत नाहीत.

दहा. जीप. सुदाम, फौजदार, चार माणसं. पहार अण्णांच्या हातून काढून घेतली.

पावणेअकरा. ओटा फोडला. खाली झाकण. दोघांनी मिळून उलटं केलं. आतल्या बाजूला ओरखडे. गंजावर चमकतात, काल काढल्यासारखे. खाली चुना, माती. केस. हाडं. बारीक आहेत. सुदामनं ते पातळ वरून घातलं आणि बाजूला बसून राहिला. पाणी कुठंच नाही. आत सगळं कोरडं ठणठणीत.

हवालदार पंचनामा लिहितो आहे. मीही लिहिते आहे, त्याच्या कागदातलं पुढं काय राहील माहीत नाही म्हणून.

अण्णा सांगतात, ही कोण ते ठाऊक नाही, भागीरथी तर घरी गेली. फौजदारांनी विचारलं, काय झालं ते पाहिलेलं कोण आहे. सदूनं हात वर केला. अण्णा म्हणाले, त्याला काय कळतंय. फौजदारांनी सदूकडे पाहिलं. मग हवालदाराला म्हणाले, “लिहा. साक्षीदार पहिला.”

गंगूनं हात वर केला. धोंडिबानं. रखमाबाईंनी.

सव्वाअकरा — माझ्या मनगटावर हात आला आहे. ओला. गार, खूप गार. बाकी कुणाला दिसत नाही, सदूला दिसतो, तो हसतो आहे. मला भीती वाटते, खोटं का लिहू. दात वाजत आहेत. पण ओढत नाही ती. बोटं पेनावर —

पेन मागते आहे.

सगळ्यांचे जबाब झाले. हिला कुणी विचारलंच नाही अजून. तिला लिहिता येत नाही, कधी शिकवलंच नाही कुणी. नसू दे. पुढचं पान कोरं आहे.

घे भागीरथी. मी हात सैल सोडते. तुझं तू —